मावशींचा बाजारभाव

माणसांनाही बाजारभाव असतो, हे मावशींना नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं. त्या शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळत. पोरं मावशी म्हणत, म्हणून ड्रायव्हरपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळेच मावशी म्हणत. आसपासच्या सगळ्या शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळाने यंदा एक कंपनी नेमली होती. आपण आपल्या माणसांना बाहेरच्यापेक्षा जास्त देतो की कमी, हे तिने तपासायचं होतं. त्यासाठी प्रत्येकाला फॉर्म आला: तुम्ही काय काम करता, ते लिहा.

इथे डेपोचं शहाणपण आडवं आलं.

"कागदावर जेवढं कमी, तेवढं सुखाचं," ड्रायव्हर म्हणाला. "लिहिलेलं काम गळ्यात पडतं, मावशी."

पूर्वी एकाने हौसेने 'टायरमधली हवा पाहतो' असं लिहिलं होतं. तो बिचारा निवृत्त होईपर्यंत टायरच पाहत राहिला. म्हणून मावशींनी लिहिलं, 'मुलांना बसमध्ये चढवते व उतरवते.' वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाल्या.

दोन महिन्यांनी निकाल लागला. कंपनीने त्यांना खासगी बसच्या क्लीनरच्या पंगतीला बसवलं होतं. बाजारात क्लीनरला मिळतं त्याहून मावशींचा पगार जास्त, म्हणून तीन वर्षं वाढ बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! संध्याकाळी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायचं जोडकाम त्या या वाढीच्या भरवशावर सोडणार होत्या. कंबर आता ऐकत नव्हती. मावशींना रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

तक्रारी ऐकायला समिती बसणार होती, माणशी दहा मिनिटं. "आता सगळं सांगून टाका," ड्रायव्हर म्हणाला, आपलंच शहाणपण विसरून. मावशींना क्लीनर ठरवल्याची गोष्ट त्याने थांब्याथांब्यावर पालकांनाही सांगितली होती.

सगळं? ते कसं सांगणार? बसमध्ये पहिल्या सीटवरून सगळ्यांना हुकूम सोडणारी आठ वर्षांची एक मुलगी होती. मावशी तिला बाईसाहेब म्हणत. तिला फिट यायची. आली की तिला कुशीवर वळवायचं, गालाच्या आत औषध सोडायचं आणि घड्याळ बघत बसायचं. आईने शिकवल्याप्रमाणे मावशींनी हे वर्षात चारदा केलं होतं. नियम मात्र असा, की औषध नर्सनेच द्यायचं. नर्स नसेल तर असं मूल बसमध्ये घ्यायचं नाही. मंडळाकडे बससाठी नर्स नव्हतीच. मुलीला बसवलं की आई धावत कारखान्याची पाळी गाठायची, आणि घरात तिसरं कोणी नव्हतं. हा नियम मावशींनी आईला कधी सांगितला नव्हता. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

बोललं तर त्या दोघींचं मोडतं, न बोललं तर आपली कंबर. त्या आठवड्यात मावशींनी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि एकदा घातलंच नाही.

समितीच्या बाईंनी फाइल उघडली. "तुमच्यासाठी एका पालकांचं पत्र आलंय," म्हणाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. 'मावशींनी माझ्या मुलीला चार वेळा औषध देऊन वाचवलं. त्यांना क्लीनर म्हणणाऱ्यांना लाज वाटायला हवी.'

काय केलंस गं बाई! इतक्या मायेने लेकीच्याच पायावर धोंडा पाडलास.

कंपनीचा माणूस पुढे सरकला. "असं असेल तर तुलनाच बदलते. दवाखान्यातल्या मदतनिसाचा दर लागेल. दोन श्रेणी वर."

"खरंय का हे?" बाईंनी पेन उचललं.

मावशींना लॉन्ड्रीतल्या ओल्या चादरींचा वास आल्यासारखं झालं. "आईचं मन आहे हो," त्या म्हणाल्या. "पोरीला गरगरतं, मी नुसता हात धरते. औषधाला मी कशाला हात लावू?"

"मग पत्रात हे सगळं?"

"तिने मला मोठं केलंय."

बाईंनी पेन कागदावर टेकवलं. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस थांबली, तेव्हा मुलीची आई दाराशीच उभी होती. "मावशी, वाचलं का माझं पत्र?"

"वाचलं की."

"मग? झालं ना काम?"

मावशींनी तिच्या हातातलं औषध घेतलं आणि त्यावरची तारीख तपासली. "छान लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा कुणाला काही लिहू नकोस."

आईचा चेहरा पडला. आपण आगाऊपणा केला, मावशींना राग आला, असंच तिला वाटलं. पण पाळीची वेळ झाली होती. काही न विचारता ती कारखान्याच्या दिशेने धावत सुटली.