देखणा बडग्या

माझा धाकटा भाऊ कृष्णकांत याच्यासोबत सीताबर्डीवर खरेदीला जाणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मी तो वर्षानुवर्षं केला. साडीच्या दुकानात शिरायचं सोडून हा पठ्ठ्या भर रस्त्यात उभा राहून दुकानाची पाटीच बघत बसायचा. "ताई, थो 'स' पाह्य वं! कसा ऐटीत बसला आहे!" मागून सायकलवाले घंट्या बडवताहेत, आमची बस निघून गेली आहे आणि हा 'स'च्या प्रेमात!

तो कमर्शियल आर्टिस्ट होता. साबणाची वेष्टनं, लग्नपत्रिका, कॅलेंडरं, जे येईल ते करायचा आणि जीव ओतून करायचा. "शहराचं तोंड म्हंजे त्याच्या पाट्या," असं त्याचं म्हणणं. "लोकं दिवसभर या अक्षराईखालून जाते, पन मान वर करून कोनी पाहात नाही." जिकडेतिकडे लाल-पिवळ्या पाट्या आणि अक्षरांमागे सावल्यांवर सावल्या बघून त्याचं डोकं फिरायचं. हिंगण्याच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे रंगवलेला मोर मात्र त्याला इतका आवडायचा, की ट्रकमागे सायकल दामटायचा. असा हा माणूस, लोभस आणि असह्य!

त्याची एकच आस होती. सगळ्या नागपुरानं एकदा तरी थांबून आपलं काम बघावं आणि विचारावं, हे कोणाचं? कॅलेंडरं घरोघरी लागली, पण लोक त्यावर तिथी बघत. चित्र कोण बघतो!

चौऱ्याहत्तर साली ती संधी आली. महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या मंडळाचे गणपतराव शिंपी घरी आले आणि म्हणाले, "कृष्णकांता, औंदाचा बडग्या तू कर गा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीच्या पुतळ्याची, मिरवणूक असते आणि तिच्यासोबत बडगे निघतात. ज्यानं वर्षभर छळलं त्याचा पुतळा करायचा, शिव्या घालत गावभर फिरवायचा, शेवटी जाळून टाकायचा, की इडापीडा गेली. त्या वर्षी साखर आणि रॉकेल दुकानांतून गायब झालं होतं. तेव्हा बडग्या कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. साठेबाजाचा!

कृष्णकांतनं बाकीची कामं गुंडाळून ठेवली. अंगणात बांबूचा सांगाडा उभा राहिला, त्यावर कागद चढले, रंग चढले. गुळगुळीत गोल पोट, पिळदार मिशी, चमचमत्या कागदाचा फेटा, आणि डोळे असे की बघणाऱ्याकडेच बघताहेत. मीही भुलले, खोटं कशाला बोलू?

मिरवणुकीच्या दिवशी आमच्या शेजारच्या रुखमाबाई सकाळपासून पदर खोचून तयार होत्या. रॉकेलवाचून त्यांचा स्टोव्ह कधीचा थंड पडला होता. "आज त्या मेल्याची खैर नाही!" असं त्या साऱ्या गल्लीला ऐकवत होत्या. गाडीवर बडग्या चढला, रुखमाबाई पुढे सरसावल्या, मान वर केली आणि हात जोडले.

"माय वं! किती देखना!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणी फूल टाकलं. कृष्णकांत नुसता नाचत होता. "ताई, पाहून राहिले! सारे पाहून राहिले वं!" माझाही ऊर भरून आला.

"पाहूनच राहिले नं गा!" गणपतराव कडाडले. "शिव्या कोन देईन? याले जाळाचं आहे का याचं लगन लावाचं आहे?"

मागून दुसऱ्या गल्लीचा बडग्या येत होता. गोणपाटाचं अंग, कोळशानं काढलेलं तोंड, गळ्यात फाटक्या चपलांची माळ. पण त्याच्यापुढे लोक घसा फाटेस्तोवर ओरडत होते. कृष्णकांतनं तो बघितला, मग आपला बघितला, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता हा घरी पळतो.

पण तो टुणकन गाडीवर चढला. "रुखमाकाकू! दुकानात काय झालं थे सांगा!"

"काय होते बापा! इतक्या उन्हात उभी राह्यली, आन् माहा नंबर आला तं म्हने संपलं!" बोलता बोलता बाईंचा आवाज चढला. "मांगं पिपे दिसून राह्यले होते मले!"

"मंग त्याले म्हना! थोच हाय हा!" आणि त्यानं स्वतःच्या हातांनी ते गुळगुळीत पोट टराटरा फाडलं. आतले बांबू उघडे पडले. "तुमचा डब्बा आना, काकू! कोंबा इथं!"

रुखमाबाई धावत जाऊन रिकामा डबा घेऊन आल्या आणि बांबूत खुपसत ओरडल्या, "घे मेल्या, गिळ!"

मग काय विचारता! घराघरांतून रिकामे डबे आले, साखरेच्या रिकाम्या पिशव्या आल्या. फेटा लोंबला, मिशी तुटली, डब्यांवर थापा पडू लागल्या. "साठेबाजी घेऊन जा गे मारबत!" सगळा रस्ता आमच्या गाडीकडे वळला. वर माझा भाऊ रंगानं माखलेला, डबे झेलतो आहे, अडकवतो आहे, बेंबीच्या देठापासून ओरडतो आहे. मला आनंदानं रडूच फुटलं.

जाळण्याआधी प्रत्येकीनं आपापला डबा मात्र काढून घेतला. पीडा गेली तरी डबा लागतोच. ज्वाळा चढल्या तेव्हा कॅमेरा घेतलेला एक वर्तमानपत्रवाला गर्दीतून वाट काढत आला.

"हा बडग्या कोणी बनवला?"

कृष्णकांत पुढे झाला. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात केस सुटलेल्या, काजळी माखलेल्या रुखमाबाई गरजल्या, "कोनी म्हंजे? आमी बनवला!"

"आमी बनवला!" गल्ली ओरडली.

माझं डोकंच फिरलं. याचं नाव सांगायला मी पुढे घुसले, तर त्यानं माझा हात घट्ट धरला.

"चूप बस नं वं, ताई," तो म्हणाला, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला, "आमी बनवला!"