अण्णांच्या जपानी शेवया

आमच्या बनशंकरीच्या घरमालकांनी आयुष्यात एकही गोष्ट चौकशी केल्याशिवाय ठरवली नाही, आणि एकदा ठरवलेली एकही गोष्ट सोडली नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेसुद्धा त्यांनी लहानपणी चार ठिकाणी विचारून मगच मान्य केलं असणार, आणि उद्या शास्त्रज्ञांनी आपलं मत बदललं तरी हे बदलणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. मूळचे बेळगावचे. यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मी तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, संगणकाच्या नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलेला सडा माणूस. त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. मला ते 'पुणेकर' म्हणत, आणि त्या एका शब्दात माया, शंका आणि थोडी कीव असं सगळं असे.

ती खोली मला मिळाली ती हकिकतही ऐकण्यासारखी आहे. भाड्याच्या खोलीसाठी मी निरोप धाडला होता, तर मी आधी ज्या लॉजवर राहत होतो तिथे एके सकाळी अण्णाच छत्री घेऊन हजर झाले. खोलीभर नजर फिरवली, ओला टॉवेल कुठे वाळत घातलाय ते पाहिलं, न्हाणीघरात जाऊन नळ गळतोय का ते पाहिलं. तो गळत नव्हता. "तुम्हीच बंद करता, की तो आपोआप बंद होतो?" त्यांनी विचारलं. मीच करतो म्हटल्यावर म्हणाले, "सरी, ठीक आहे. तुम्ही आमच्याकडं राहायचं. ठरलं." मी त्यांची खोली अजून डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, पण ठरलं म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, हे मला तेव्हाच कळलं. दिवाणखान्याचा पंखा घेताना ते दुकानात त्याच्याखाली वर्तमानपत्र वाचत तासभर बसले होते. पुढे तो पंखा घरी आल्यावर टकटक वाजू लागला. अक्कांनी बदलून आणायला सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "पंखा चालू आहे हे डोळे मिटूनही कळायला नको?" देवळात रोज रस्त्याच्या डाव्या बाजूनं जायचं हेही त्यांनी कधीतरी ठरवलं होतं. टेलिफोनवाल्यांनी ती बाजू पाच महिने खणून ठेवली तेव्हा उजव्या बाजूनं अख्खं गाव चाललं, आणि डाव्या बाजूनं अण्णा, धोतराचा सोगा हातात धरून, एकेक खड्डा ओलांडत. एका खड्ड्यात ते उतरलेही. पण बाहेर येऊन पुढे गेले ते डाव्याच बाजूनं.

अशा माणसासमोर मी एकदा सहज बोलून गेलो. बंगळूरच्या शिवाजीनगरच्या अंगाला, गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर जपानी शेवयांचं हॉटेल निघालं होतं. ऑफिसातले आम्ही चौघे तिथे जेवून आलो होतो. अगदी साधी जागा. लाकडी बाकं, मोठाले वाडगे, खिशाला परवडणारं. गावात नव्या आलेल्या कारखान्यांतले जपानी इंजिनिअर तिथे जेवायला येत. "त्या पदार्थाला रामेन म्हणतात," मी म्हणालो.

"नावात राम आहे," आतून अक्का म्हणाल्या. "सुरुवात तर बरी आहे."

अण्णांनी मात्र तीन दिवस तो विषयच काढला नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून येतोय तर ते फाटकाशीच उभे. "पुणेकर, त्या शेवया गव्हाच्या की तांदळाच्या?" गव्हाच्या, मी म्हणालो. पाचव्या दिवशी, "वाफवतात की उकळतात?" सहाव्या दिवशी, "गरम म्हणजे किती गरम? आपल्या सारासारख्या, की त्याहून जास्त?" मी म्हटलं, "अण्णा, चला ना, एकदा जाऊनच येऊ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना न विचारता त्यांचं घर विकायला काढलं होतं. "जायचं की नाही ते अजून ठरायचंय," ते म्हणाले.

मात्र तयारी सुरू झाली होती. एका रविवारी अक्कांनी न्याहारीला शाविगे केल्या होत्या, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या शेवया, वर ओलं खोबरं. मी खाली गेलो तेव्हा अण्णा अक्कांच्या विणकामाच्या दोन सुया बोटांत धरून त्यातली एक शेवई उचलायच्या प्रयत्नात होते. एक कॅलेंडरवर गेलेली होती, एक चष्म्यावर लोंबत होती.

"चमचा देऊ का?" अक्कांनी विचारलं.

"जपानात चमचा मागशील?"

"आपण बनशंकरीत आहोत की."

अण्णांनी पुढची शेवई उचलायला घेतली. त्या दिवशी त्यांची न्याहारी साडेअकराला संपली. पण संपली ती सुयांनीच.

पुढच्या शनिवारी पाहणी करायचं ठरलं. आम्ही दोघे बसनं शिवाजीनगरला गेलो. हॉटेलपर्यंत गेलो, पण वर गेलो नाही. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वर जाणाऱ्यांचे आणि खाली येणाऱ्यांचे चेहरे बघायचे, अशी अण्णांची योजना. "चेहरा खोटं बोलत नाही बघा. पोट भरलेलं कळतं." इतक्यात दोन जपानी गृहस्थ कपाळाचा घाम पुसत खाली उतरले. अण्णांनी कुठंतरी वाचलं असावं; ते कमरेत वाकले. ते दोघेही वाकले. म्हणून अण्णा पुन्हा वाकले. ते पुन्हा वाकले. आधी थांबायचं नाही हे दोन्ही पक्षांनी ठरवलेलं दिसत होतं. शेवटी मागून येणाऱ्या गिऱ्हाइकांची जिन्यात रांग लागली, तेव्हा त्या दोघांनी वाकत वाकतच माघार घेतली आणि अण्णा विजयी मुद्रेनं सरळ झाले.

हा गोंधळ पाहून मालक स्वतः खाली आला. चाळिशीचा, कुंदापूरकडचा माणूस. आठ वर्षं जपानात अशाच एका हॉटेलात राबून, शिकून परत आलेला. अण्णांनी त्याच्याशी कन्नडमध्ये चौकशी आरंभली. पीठ कसलं, मीठ किती, असं करत करत गाडी शेवटी मुद्द्यावर आली. "रस्सा कशाचा?"

मालक सरळ माणूस होता. अण्णांचं गंध, जानव्याची रेष त्यानं पाहिली, आणि तरी लपवलं नाही. "डुकराच्या हाडांचा, सर. दिवसभर उकळतो. वर सुक्या माशाचा स्वल्प अर्क."

अण्णांनी जिन्याकडे एकदा पाहिलं. मग "सरी" म्हणाले आणि चालू लागले. परतीच्या बसमध्ये ते छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. या वयात त्यांना कुठं बाटवा, असं मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. अक्का पापडांचं वस्त्र घेऊन वर आल्या. "त्यांना जाऊ नका म्हणून सांगू नका हं," त्या एकदम म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी कशाला सांगू? हाडांचं ऐकून तेच परत फिरले."

अक्का पापड उलटे करत बोलू लागल्या. "आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. कारखान्यातून सहा जणांना जपानला पाठवायचे होते, दोन वर्षं, काम शिकायला. यांचं नाव पहिलं. यांनी गावभर चौकशी केली. कोणीतरी सांगितलं, तिकडं पाण्यालासुद्धा माशाचा वास येतो. मग यांनी ठरवलं, जायचं नाही. मी म्हटलं, जावा हो, ती माणसं भात खातात म्हणे, भातावर राहावा. पण यांचं ठरलं होतं ना."

"मग?"

"मग यांच्या जागी दुसरा गेला. परत आल्यावर तो यांचा साहेब झाला. त्याच्या हाताखाली यांनी पुढची सगळी वर्षं काढली. घरी येऊन कधी एक शब्द बोलले नाहीत." अक्कांनी शेवटचा पापड उलटला. "आता का जायचंय ते मलाही सांगत नाहीत. पण माझ्या सुया काही परत देत नाहीत."

बुधवारी संध्याकाळी अण्णा जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत. "येत्या रविवारी जायचं," ते म्हणाले. "ठरलंय."

"पण अण्णा, ती हाडं..."

"माझ्या पातेल्यात नसतील."

हे पातेलं काय ते मला पुढे मालकाकडून कळलं. अण्णा आदल्याच दिवशी, मंगळवारी, एकटेच तिथे जाऊन आले होते. बरोबर कोरं करकरीत स्टीलचं पातेलं, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. त्यांनी मालकाला समोर बसवून विचारलं की हाडं, मासे, अंडं यातलं काही न घालता हा रस्सा होतो की नाही. मालक म्हणाला, होतो. जपानातल्या देवळांतले साधू तसंच खातात, समुद्रातल्या शेवाळाचा आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठाचा रस्सा. शेवाळ म्हणजे वनस्पतीच ना, याची अण्णांनी तीनदा खात्री करून घेतली आणि पातेलं त्याच्या हवाली केलं. यात फक्त तेच शिजवायचं, आणि पळीसुद्धा वेगळी. मला हे ऐकून ओशाळल्यासारखं झालं, पण मालक हसला नाही. "माझ्या गुरूचंही एक पातेलं होतं, सर," तो म्हणाला. "आठ वर्षांत मला त्याला हात लावू दिला नाही."

रविवारी दुपारी आम्ही तिघे गेलो. अण्णांनी निवृत्तीच्या समारंभातला कोट घातला होता. अक्का इरकली नेसल्या होत्या. त्या बाकड्यांवर, टी-शर्टातल्या इंजिनिअरांच्या मधोमध, आम्ही मुलगी बघायला आल्यासारखे बसलो. आजूबाजूला सगळे वाडग्यात तोंड घालून मोठ्यानं भुरके मारत होते. अण्णांनी आधी कान टवकारले, मग सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. अण्णा सार पिताना भुरकत, आणि त्यावरून अक्का लग्नापासून त्यांना बोलत आल्या होत्या.

"ऐक," ते म्हणाले. "अख्खा देश भुरकतोय."

"देश भुरकू दे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कोट सांभाळा."

वाडगे आले. वर वाफ, कोबी, मक्याचे दाणे, कांद्याची हिरवी पात. अण्णांनी काड्या उचलल्या. पहिली शेवई निसटली. दुसरी निसटली. तिसरी निम्म्यापर्यंत येऊन कोटावर गेली. शेजारी अक्कांनी, आयुष्यभर सुया चालवलेल्या त्या बोटांनी, काड्या कशा धरायच्या हे कोणालाही न विचारता पहिलाच घास नीट तोंडात घातला. पलीकडचा एक जपानी म्हातारा कौतुकानं मान हलवून त्यांना काहीतरी म्हणाला; अक्का लाजल्या.

शेवटी अण्णांनाही जमलं. ते खाऊ लागले. मी वाट बघत होतो की आता प्रश्न सुरू होतील, मीठ, पीठ, शेवाळ. पण ते खातच राहिले. निम्मा वाडगा झाला. मग त्यांनी काड्या खाली ठेवल्या, चष्म्यावर साठलेली वाफ धोतराच्या टोकानं पुसली आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"अगं," ते म्हणाले, "यावर दोन वर्षं सहज निघाली असती."

अक्कांनी वाडग्यातून मान वर केली नाही. "मी तेव्हा म्हटलं होतं."

मला वाटलं, आता अण्णा काहीतरी ठाम बोलतील. पंख्याच्या आवाजाचं समर्थन करणारा माणूस तो. पण ते म्हणाले, "म्हटलं होतंस खरं," आणि पुन्हा काड्या उचलल्या. उरलेला रस्सा त्यांनी वाडगा तोंडाला लावून, सगळ्यांहून मोठा आवाज करत संपवला. अक्का त्यांना काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर वर्षभरात कंपनीनं मलाच सहा महिन्यांसाठी जपानला पाठवलं. पोचल्यावर मी अण्णांना पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, चार पानं, नुसते प्रश्नच प्रश्न. थंडी किती, वाहनं डावीकडूनच चालतात ना, कामगार वेळेवर येतात म्हणतात ते खरं का. अगदी शेवटी, कागद संपत आल्यावर, बारीक अक्षरात एका गावाचं नाव होतं. त्यांनी नकाशात पाहिलं होतं. माझ्यापासून आगगाडीनं दीड तास. 'आम्हाला पाठवायचे होते तो कारखाना तिथे. जवळ नदी आहे असं तेव्हा कागदात लिहिलं होतं. सवड झाली तर आहे का ते बघून कळवा.'

मी एका रविवारी गेलो. स्टेशनवर विचारत विचारत त्या पत्त्यावर पोचलो. कारखाना केव्हाच पाडलेला होता. त्या जागी एकसारख्या इमारती उभ्या होत्या, आणि गॅलऱ्यांतून गाद्या उन्हात घातल्या होत्या. नदी मात्र होती. फार मोठी नाही, स्वच्छ, दोन्ही काठांना पायवाट. मी पुलावर तासभर उभा राहिलो. कोणी येणार नव्हतं. तरीही इस्त्रीचा कोट घातलेला, तिशीही न गाठलेला एक बेळगावचा माणूस पाळी संपवून त्या वाटेनं येईलसं मला वाटत राहिलं.

रात्री मी पत्र लिहिलं. 'नदी आहे, अण्णा. सुंदर आहे. संध्याकाळी माणसं काठानं फिरतात.' कारखान्याबद्दल काहीच लिहिलं नाही. ते खोदून खोदून विचारतील, आणि मग मला सांगावं लागेल, या धास्तीत मी उत्तराची वाट बघत होतो. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. एवढंसं पत्र. नदीचं वाचून बरं वाटलं, तब्येत सांभाळा, अक्का आशीर्वाद सांगते. त्यात एकही प्रश्न नव्हता.