नावेचा पंखा

नाव पाण्यात असताना मामू पुढे कधी बघत नसत. सुकाणूवर त्यांचा धाकटा भाऊ असे, आणि मामू इंजिनापाशी पाठमोरे बसून नावेमागे उसळणारं पाणी बघत राहत. नवखा माणूस घाबरायचा. आम्ही रोजचे लोक ओळखून होतो, की त्या फेसावरून पाण्याखालचा पंखा कसा चाललाय ते मामूंना कळतं.

नव्वदच्या दशकात मी औंढा तालुक्यात, धरणाच्या पलीकडच्या एका गावात नर्स होते. औंढ्याला जायचं तर मामूंची नाव, नाहीतर लांबचा वळसा. मामू मूळचे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारे. वल्ही मारून हात भरून यायचे, म्हणून त्यांनी तसंच एक जुनं इंजिन नावेत बसवलं आणि नांदेडच्या भंगारातून पितळेचा भलामोठा पंखा आणला. "मोठा पंखा, मोठा जोर," असं सगळ्यांना कौतुकानं सांगत. इंजिन काळा धूर ओकायचं, पण नाव चालायची, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

एका दुपारी मामूंच्या बायकोला, मामींना, दम लागला. माझ्याकडचं इंजेक्शन देऊन झालं, तरी उतार पडेना. त्यांना नावेत गोधडीवर निजवून आम्ही निघालो. समोरून वारा होता. अर्ध्या पाण्यात इंजिन कण्हू लागलं, तापलं आणि बंद पडलं. दोघे भाऊ वल्हवत राहिले. मामींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काठ दिसत होता, पण जवळ येत नव्हता. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

मामींचा चाळिसावा दिवस झाल्यावर मामूंनी तो पंखा उतरवला. मला म्हणाले, "इंजिनाला झेपला न्हाई, बाई. लहान लेकराच्या डोक्यावर पोतं दिल्यावानी झालं." मग त्यांनी लहान पंखा आणला. त्यानं इंजिन किंचाळत पळायचं आणि नाव मात्र रेंगाळायची. "हे नुसतं ताक घुसळून राहिलं," ते म्हणाले. पंख्याचा घेर पाहून भागत नाही, पात्यांना पीळ किती तेही पाहावं लागतं, हे त्यांना असं चुकतमाकत उमगलं. लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा पाण्यात शिरतो. पीळ जास्त, तर एका फेऱ्यात नाव जास्त सरकते, पण इंजिनावर भारही तेवढाच वाढतो. काठावर बसून हातानं हवेत पीळ घालत त्यांनी मला हे समजावलं होतं.

मिळेल तो पंखा बसवायचा, वाऱ्यात नाव घालायची, परत उतरवायचा. रिकाम्या नावेत ते कधी पारख करत नसत. "खाली नाव खोटं बोलते," म्हणायचे. माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती नेत. त्यातलं एक पोतं आडवं, मामी निजल्या होत्या त्या जागी. त्याच्याखाली गोधडी अंथरलेली असे. लोक म्हणत, मामूंच्या डोक्यावर परिणाम झाला. भाऊ सुकाणू धरी.

बऱ्याच दिवसांनी हवा तसा पंखा सापडला. इंजिन पूर्ण वेगानं फिरू लागलं, धूर थांबला. त्याच पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला आम्ही समोरच्या वाऱ्यातून वेळेत औंढ्याला पोचवलं. मुलगी झाली. तिचा बाप काठावर पेढे घेऊन आला. मामूंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "आता बराबर बसला पंखा," पाण्याकडे बघत ते मला म्हणाले. "आता बसून काय उपेग, बाई?"

पुढे रस्ता झाला, जीप सुरू झाल्या. नाव काठावर उलटी पडून राहिली. मामू परभणीला लेकीकडे निघाले तेव्हा मी त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेले. थांब्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "सच सांगा, बाई. टायमावर पोचलो असतो, तर वाचली असती का ती?"

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला नोकरीनं शिकवलं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

"मला माहीत नाही, मामू. वाचल्याही असत्या."

त्यांनी मान हलवली. "सगळे म्हणतात, तिची वेळच आली व्हती. तुमी तसं म्हणला न्हाई. बरं केलं."

पुढच्या हिवाळ्यात मामू गेल्याचं त्यांच्या भावानं कळवलं. त्यानंतरच्या नोकरीत कितीतरी नातेवाइकांनी मला तोच प्रश्न विचारला. वेळ आली होती, असं मी कुणालाही सांगितलं नाही.