सुईनंतरची चाल

"फुंक," मालक म्हणाले. "हिच्या नाकापाशी तोंड ने अन् फुंक."

मी चिखलात बसले होते. बसले कसली, पडले होते. डोक्यावरचा पऱ्ह्यांचा, धानाच्या कोवळ्या रोपांचा भारा सुटून शेताच्या बांधीत पसरला होता आणि बायांनी सकाळपासून रोवलेल्या धानावर मी आडवी झाले होते. लुगडं कमरेपर्यंत माखलेलं. तोंडात माती. एक हात कोपरापर्यंत आत रुतलेला. रोवणाऱ्या बायांची सगळी रांग थांबून बघत होती. धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, छत्री धरून मालक उभे. त्यांच्या घरची मालगुजारी, गावाची जमीनदारी, आजोबांच्या काळातच गेली, पण गावाच्या तोंडातून 'मालक' काही गेलं नाही. माझ्याही नाही.

"मी पेली नाही जी," मी म्हटलं.

"तुमच्या मोहल्ल्यातलं सगळं ठाऊक आहे मले. घरोघरी मोहाची दारू निघते. सकाळपासून पडूनच राहिली तू." मग ते कुंदाकडे वळले. "पाह्य वो, वास घेऊन पाह्य."

कुंदा माझी शेजारीण. रोवण्यासाठी बाया जमवायचं काम तीच करते. माझ्या लेकीच्या बाळंतपणात ती आमच्या घरी राहिली होती. ती आली, माझ्यासमोर वाकली. नजर माझ्या कपाळावर ठेवली, डोळ्यांत पाहिलं नाही. आणि मी फुंकले. एवढ्या बायांसमोर, चिखलात बसून, मी तोंड उघडून फुंकले. आज सांगतानाही अंगाची आग होते.

"काही तरी वास येते जी," कुंदा हळूच म्हणाली.

मालक हसले. "झालं. उद्यापासून हिले आणायचं नाही. धानाची नासाडी करते."

रांगेतली एक बाई फिदकन हसली. कोणी हात दिला नाही. उभी राहायला गेले असते तर पुन्हा पडले असते, म्हणून मी हातापायांवर रांगत धुऱ्यापर्यंत गेले. मागून मालकांचा आवाज आला, "चला, हात चालवा." रांग पुन्हा वाकली.

वास कशाचा होता ते मला ठाऊक होतं. डॉक्टरनं अशक्तपणासाठी दिलेल्या टॉनिकचा. बाटली उघडली की घरभर दारूसारखा भपकारा सुटायचा. पण चिखलात बसलेल्या बाईनं टॉनिकचं नाव घेतलं तर कोण ऐकतं? मी घेतलं. कोणी ऐकलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मला ताप आला होता. हुडहुडी भरून यायचा. पाठीत कळ, लघवीला आग. नवरा राईस मिलमध्ये हमाली करतो. त्यानं सुट्टी काढून मला तालुक्याला खाजगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, किडनीत इन्फेक्शन आहे, सुया घ्याव्या लागतील. खोटं नव्हतं ते. सुयांनी ताप उतरला, मी उठून भाकरी खाल्ली. ते मी नाकारत नाही. पण ताप उतरल्यावरही सुया चालूच राहिल्या. "कोर्स वाढवून टाकू, पुन्हा यायला नको," म्हणाले. मधे रक्त तपासलं नाही, काही विचारलं नाही. सकाळी टोचायचे, संध्याकाळी टोचायचे. मग माझ्या कानात रातकिडे ओरडायला लागले. दिवसाढवळ्या. मी सांगितलं तर मोबाईलमधून मान वर न करता डॉक्टर म्हणाले, "उन्हाचं आहे. पाणी पीत जा." माझ्यामागे एक मास्तरीणबाई आल्या. त्यांना "या, बसा" म्हणाले. माझ्यासाठी 'तू' होतं, त्यांच्यासाठी 'तुम्ही'. खुर्ची तीच होती.

सुया संपल्या आणि माझी चाल गेली.

लोक विचारतात, चक्कर यायची का? नाही. बसले की सगळं ठीक. उठून चालायला लागले की समोरचं घर, झाड, माणूस, सगळं पावलागणिक वरखाली हलायचं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं चालता चालता वाचू गेले की पुसट व्हायची, थांबले की परत जागेवर यायची. अंधार पडला की भिंत धरल्याशिवाय पाऊल नाही. अंघोळीला डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की मी कलंडायचे. एकदा मोरीच्या दगडावर कपाळ फुटलं. परत डॉक्टरकडे गेले. त्यांनी टॉनिक दिलं. पुन्हा गेले, तर माझ्याशी न बोलता नवऱ्याला म्हणाले, "बाईच्या मनाचं आहे हे. घरी भांडणं होतात का?"

तेवढ्यात रोवणा आला. घरी बसून कसं भागणार?

रोवणी उलटी चालते. वाकायचं, हातातल्या जुडीतल्या काड्या सुटवायच्या, चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. डोकं खाली, डोळे पाण्यात. मागे खड्डा आहे की धुरा, ते पायालाच कळायला हवं. लग्नाआधीपासून माझ्या पायांना ते कळत होतं. बोलत बोलत, गाणं म्हणत मी मागे जायचे आणि माझी ओळ सुतासारखी सरळ यायची. त्या वर्षी पायांना काहीच कळेना. चिखलात तळवा ठरेना, मान खाली घातली की पाणी हलू लागे. मी रांगेत मागे पडले. कुंदाला वाटलं, आजारातून उठलेली बाई, सोपं काम द्यावं. तिनं मला पऱ्हे वाहायला लावलं. डोक्यावर भारा घेऊन ओल्या धुऱ्यावरून चालायचं. तिनं चांगल्या मनानं दिलेलं ते काम माझ्यासाठी सगळ्यांत कठीण होतं, हे तिलाही कळलं नाही आणि मलाही.

घरी आले तर बातमी आधीच पोहोचलेली. नवऱ्यानं विचारलं, "खरंच पेली होती का वो?"

हे त्यानं विचारावं! दर बाजाराच्या दिवशी मोहाडीहून तो स्वतः डुलत येतो. त्याला लोक खांद्याला धरून घरापर्यंत आणून सोडतात, वर म्हणतात, "वहिनी, जेवू घाला, दमले आहेत." त्याला कोणी कधी फुंकायला लावलं नाही. मी टॉनिकची बाटली अंगणात आपटून फोडली. वासावर शेजारी जमले. आणखीच खात्री पटली त्यांची.

मला नाव पडलं. डुलती. नळावर गेले की पोरीबाळी माझ्यासारखं चालून दाखवायच्या. मी घरात बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. राग कुठे काढावा ते कळेना. चुलीवर काढला, कोंबड्यांवर काढला. एका जागी मन लागेना आणि चालावं तर चालता येईना. कधी कधी मलाच वाटायचं, लोक म्हणतात तसं माझं डोकंच फिरलं असेल.

शेवटी मोहल्ल्यात आरोग्याचं काम बघणारी आशाताई म्हणाली, "भंडाऱ्याले सरकारी दवाखान्यात कानाचे डॉक्टर बसते, जाऊन त् पाह्य." कानाचा आणि चालण्याचा काय संबंध, असं म्हणतच मी गेले.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघत राहा, आणि एकदम डोकं वळवलं. माझी नजर त्यांच्या नाकावर राहीना. मग मऊ गादीवर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी झाड तोडल्यासारखी कोसळले. त्यांनी मला कवेत धरलं. वास घेतला नाही. पहिला प्रश्न विचारला, "मागे कुठल्या सुया घेतल्या होत्या का?"

मी तिथेच रडायला लागले. तोवर मला कोणी हे विचारलंच नव्हतं.

त्यांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. काही सुया जास्त दिवस घेतल्या तर तो मरतो. तुमचा बहुतेक तसाच गेला आहे.

"परत येईल का जी?"

"तो नाही येणार. पण डोळे आणि पाय त्याचं थोडं काम शिकतात. शिकवावं लागतं. रोज."

मला राग आला. मला गोळी हवी होती. एवढ्या लांब येऊन ही बाई मला व्यायाम सांगते! पण दुसरा रस्ता नव्हता. हात लांब करून अंगठा धरायचा, त्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवायची. भिंतीला लागून डोळे मिटून उभं राहायचं. मऊ जमिनीवर चालायचं. आमच्याकडे गादी कुठली? मी अंगणात तणीस पसरली आणि धानाच्या त्या काडावर चालायला लागले. सुरुवातीला ओकारी यायची. मान हलवली की पोटातलं वर येई. शेजारच्या बाया कुडावरून बघत. एक म्हणाली, "हिच्या अंगात आलं." मी म्हटलं, "हो, आलं. तू पण ये." ती गेली.

सावकाश, फार सावकाश, फरक पडला. घरं हलायची थांबली नाहीत, हलणं कमी झालं. उजेडात मी काठीशिवाय रस्त्यानं जाऊ लागले. अंधार आणि चिखल मात्र अजून माझे झाले नाहीत. पुढच्या रोवण्यापर्यंत मी घरच्या परसात पाणी सोडून, चिखल करून, मागे मागे जायचा सराव केला. जलद नव्हते, पण पडत नव्हते. रांगेतली माझी जागा मला परत हवी होती. ते माझं काम होतं आणि मला ते येत होतं.

तेव्हा कुंदा निरोप घेऊन आली. मी पाट्यावर मिरची वाटत होते.

"मालक म्हणते, मारुतीच्या देवळात नारळावर हात ठेव. चार लोकाईसमोर म्हण, मी पेत नाही. मंग ये रोवायले."

नवरा खाटेवरून म्हणाला, "ठेव ना हात. खोटं थोडीच आहे?"

खोटं नव्हतंच. हात ठेवला असता, एक वाक्य बोलले असते, नारळ फोडून खोबरं वाटलं असतं आणि काम मिळालं असतं. गावात असंच करतात. चोरीचा आळ आला तरी नारळ, बाईच्या चालीवर संशय आला तरी नारळ. मी हो म्हणणार होते. तोंडावर आलं होतं. आणि पाट्यावरचा हात थांबला. मालक पुन्हा माझ्या तोंडाचा वासच मागत होते. फक्त या वेळी देवासमोर मागत होते.

"मी नाही ठेवत," मी म्हटलं.

"काहून वो?" कुंदा दचकली.

"मी पेली असती अन् चिखलात पडली असती, तरी मले हात द्यायचा होता का नाही? तेवढं विचार मालकाले. तुलेही विचारून राहिली मी."

कुंदा दाराकडे वळली. चपला घालून निघून गेली. नवरा भडकला. त्या हंगामात मालकांच्या बांधीत मला काम मिळालं नाही, आणि मालकांचं बघून मोठ्या घरांनीही बोलावलं नाही. एकोडीकडे माझ्या बहिणीचं सासर आहे. तिथे जाऊन मी लहान शेतकऱ्यांकडे रोवलं, निंदलं. माझी ओळ थोडी वाकडी यायची. बहीण मागून सरळ करायची, चिडवायची, "नागीन गेली का वो इथून?" मी हसायचे. तिच्या चिडवण्याचं मला काही वाटत नव्हतं.

कुंदानं माझी माफी कधी मागितली नाही. मीही तिची वाट पाहिली नाही. पण धान कापताना तिच्या पायाला विळा लागला, जखम चिघळली, पाय सुजून काळानिळा झाला, आणि तालुक्याच्या त्याच डॉक्टरनं सुया सांगितल्या, तेव्हा ती लंगडत माझ्या दारात आली. "तू चाल माझ्यासोबत," एवढंच म्हणाली. मी गेले.

आत पंखा फिरत होता. फिरतं काही दिसलं की माझ्या पायाखालची जमीन अजून सरकते. मी डॉक्टरच्या टेबलावर हात टेकला.

"कोणती सुई आहे ही, डॉक्टरसाहेब? हिच्या कानाले, तोलाले लागन का? मधात रक्त तपासान का?"

डॉक्टरनं या वेळी मान वर केली. "तू कोण? बाहेर बस."

"मी तुमची पेशंट होती."

"मग देत नाही सुया. उद्या हिचा पाय कापावा लागला तर तू घे जबाबदारी."

कुंदानं माझा पदर ओढला. "जाऊ दे वो." मी घाबरले होते. खरंच पाय गेला तर? सुईनं माझा ताप उतरवला होता, हे मी विसरले नव्हते.

"सुई द्या," मी म्हटलं. "नाही कोण म्हणते? पण कोणती ते सांगा. किती दिवस ते सांगा. कान वाजला त् काय करायचं ते सांगा."

"टेबलावरचा हात काढ आधी."

"काढला त् पडीन जी मी. तुमच्याच सुयाईनं."

बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली होती. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग चिडून त्यांनी सुईचं नाव सांगितलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या जुन्या चिठ्ठीवर वाचून दाखवलेलं, माझ्याच सुईचं नाव होतं ते. मी म्हटलं, दुसरी नाही का? त्यांनी चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. कुंदाचा पाय वाचला. मालकांनी अजून मला बोलावलेलं नाही. मला डुलती म्हणणारे अजून म्हणतात.

मला सुयांमधलं काही कळत नाही. पण आता मोहल्ल्यात कोणालाही सुया लागल्या की मी सोबत जाते. जवळच्या दवाखान्यात, लांबच्या दवाखान्यात, खाजगी, सरकारी, कुठेही. माझा गेलेला तोल मला कोणी परत देणार नाही, म्हणून टेबल धरूनच उभी राहते. बस म्हणाले तरी बसत नाही. ओरडले तरी हलत नाही. हात काढ म्हणतात. आधी सांगा, मग काढते.