किल्टवरचं उन्हाळी जॅकेट
गेल्या जुलैच्या परेडमध्ये मी भर रस्त्यात, ड्रमसकट आडवा झालो. वसईला लग्नांच्या बँडमध्ये मी वीस वर्षं साइड ड्रम वाजवला, मे महिन्याच्या उन्हात वाजवला, आणि पडलो तो कॅनडात! कारण होतं अंगावरचं जॅकेट. स्कारबरोच्या आमच्या पाइप बँडचा गणवेश स्कॉटिश. कमरेला किल्ट, म्हणजे चौकड्यांचा, घड्या घातलेला लोकरी घागरा, आणि वर तसंच जाड लोकरीचं, अस्तर लावलेलं जॅकेट. आतून माणूस शिजतो.

या वर्षी बँडप्रमुख म्हणाला, “यू कॅरी द बॅनर.” फलक धरायचा, ड्रम दुसऱ्याने वाजवायचा. माझं डोकंच फिरलं. हलकं जॅकेट घातलं तर वाजवू देशील का, असं मी तिथल्या तिथे विचारलं. तो म्हणाला, रंग बँडचा निळा हवा आणि कट किल्टचा हवा, बाकी तुझं तू बघ.

मी बघायला लागलो. स्कॉटिश सामानाच्या दुकानात सगळी लोकर. ऑनलाइन एक सापडलं, तर ते येणार सप्टेंबरात. शेवटी मार्कहॅमच्या मॉलमधून निळा लिननचा ब्लेझर आणला. तो निघाला लांब. किल्टचं जॅकेट कमरेशी संपावं लागतं, नाहीतर मागच्या घड्या आणि पुढे लटकणारी चामड्याची थैली झाकली जाते. मी आरशात पाहिलं, तर बायकोचा स्कर्ट चुकून घातल्यासारखा दिसत होतो. मुलगी म्हणाली, “डॅड, जस्ट कॅरी द बॅनर.”

बायको ड्राय क्लीनरकडे दिवसभर ऑल्टरेशनचं काम करते. तिला विचारायचं सोडून मी बेसमेंटमध्ये जाऊन स्वतःच कात्री चालवली. चार इंच खालून कापले आणि त्याबरोबर खिशांचे तळही कापले गेले. किल्ली खिशात टाकली ती सरळ पायावर पडली.

बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, “मला विचारलं असतंस तर तुझा बँड बुडाला असता का?”

तिने कपाटावरची बॅग खाली काढली. आमच्याकडे प्रत्येक भारतवारीत आहेरात कापड मिळतं. ते कुणी शिवत नाही, पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतात. त्यात तिच्या भावाने दिलेलं निळं सुती सूटपीस होतं. दोन आठवडे ती कामावरून आली की मशीनवर बसत होती. अस्तर फक्त खांद्यांना लावलं, खिसे वर घेतले, आणि बँडची चंदेरी बटणं माझ्या जुन्या जॅकेटची काढून लावली. मी भांडी घासली, डबे भरले आणि तोंड बंद ठेवलं.

परेडच्या दिवशी ऊन गेल्या वर्षीपेक्षा कडक होतं. बँडप्रमुखाने जॅकेट पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बटणं मोजली आणि मला ड्रम दिला. गेल्या वर्षी जिथे पडलो तो सिग्नल आला तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण बाहीतून वारा जात होता. मी काड्या अशा चालवल्या की शेजारचा ड्रमर माझ्याकडे बघायला लागला. शेवटच्या चौकापर्यंत एक ठोका चुकला नाही. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी बायकोला सांगितलंय.

परेड संपते तिथे बायको फोल्डिंगची खुर्ची आणि ओला टॉवेल घेऊन उभी होती, माझ्यासाठी. मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत बँडप्रमुख आला, तोंड टोमॅटोसारखं लाल, आणि धप्पकन त्या खुर्चीत बसला. लोकरी जॅकेटची बटणं सोडत त्याने माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरलं आणि विचारलं, “व्हेअर डिड यू बाय धिस?”

“शी मेड इट,” मी म्हणालो.

त्याने बायकोकडे पाहिलं आणि बसल्या बसल्याच आपल्या छातीचं माप सांगायला सुरुवात केली. बायकोने ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. मी मात्र उभाच राहिलो, अगदी मुद्दाम.