पुढच्यासाठी ठेवलेल्या गोळ्या

सरुबाई घड्याळ शिकली ती प्रकाश साहेबांच्या आईच्या दुखण्यात. शिरपूरकडून नवऱ्यामागे ती सिल्वासात आली, तिथल्या आमली भागात खोली केली. नवरा भगवंत गलोंड्याच्या कारखान्यात सुताची रिळं उतरवायचा. ती साहेबांकडे धुणंभांडी करायची. ब्याण्णव साली म्हातारीला पोटाचा कॅन्सर झाला. साहेब दर पंधरवड्याला गाडी काढून मुंबईहून मॉर्फिनच्या गोळ्या आणायचे. साहेबांच्या बायकोनं, वर्षावहिनींनी, सरुबाईला शिकवलं : चार तासांनी एक, दुखायची वाट बघायची नाही. म्हातारी जायच्या आदल्या दिवशीही मटार सोलत बसली होती.

वर्षभरानं भगवंताच्या जबड्यात तेच निघालं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. सरुबाईच्या तोंडून गोळीचं नाव ऐकून आमलीतले डॉक्टर चमकले.

"इथं दारूची हवी ती बाटली मिळेल बाई, ही गोळी नाही. मुंबईला पेशंट दाखवावा लागतो."

भगवंताला मुंबईची रेल्वे धरायला वापीपर्यंतची बसही सोसली नाही. अर्ध्या वाटेत उतरून दोघं परतली. म्हातारीच्या वीस गोळ्या उरल्या होत्या, त्या वहिनींनी पुडीत बांधून दिल्या. नियमानं घेतल्या तर चौथ्या दिवशी संपणार होत्या.

"घ्या ना आता."

"आज नको. आज सोसतंय."

"दुखायच्या आधीच घ्यायची असते. मी वर्षभर दिलीय."

"तुझ्या म्हातारीला मोटार होती वं. आताच संपवल्या तर खऱ्या दुखण्याला काय, तुझी भाकर खाऊ? तीपण चावत नाही."

तो हसायला गेला आणि गाल धरून भिंतीकडे वळला.

रोज हेच भांडण. फार झालं तर अर्धी घ्यायचा, उरलेली परत डाळीच्या डब्यात. गोधडीचं टोक मुठीत पिळून पिळून फाटलं, तरी त्याच्या मते खरं दुखणं अजून यायचंच होतं.

सातव्या आठवड्यात त्यानं हातानं खूण करून गोळी मागितली. तोवर जबडा उघडेनासा झाला होता. सरुबाईनं ती पाण्यात कुस्करून चमच्यानं ओतली. पाणी ओठांवरून मानेवर ओघळलं. तिनं पदरानं पुसलं, दुसरी कुस्करली.

बाराव्यानंतर ती कामावर आली. पुडी ओट्यावर ठेवली.

"नऊ आहेत वहिनी. कुणाला लागतील."

सरुबाईनं भांडी पुढ्यात ओढली, आणि सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजत होते. गोळीची वेळ.