मामा आणि पाच पॉइंट दोन

माझ्या बायकोच्या खुटबावच्या मामांइतका ब्लूटूथचा ध्यास घेतलेला माणूस दौंड तालुक्यातच काय, शिरूर धरूनही सापडायचा नाही. गुऱ्हाळ चालवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने पाहुण्याला पाणी देण्याआधी ‘तुमच्या लॅपटॉपचं ब्लूटूथ किती पॉइंट?’ असं विचारावं, हे काही बरं दिसत नाही. पण मामा विचारायचे, आणि तेही मयताला आल्यासारख्या चेहऱ्याने. कवठे येमाईच्या एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाला कोपऱ्यात गाठलं. त्याचा आकडा चार पॉइंट दोन निघाला, तेव्हा ‘पोरगं चांगलं हाय, पण...’ एवढंच म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. मुलीच्या बापाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

या वेडामागे मामी होत्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं. लेक जर्मनीत; रविवारी लॅपटॉपवर दिसायची. ती बोलायची आणि मामा तेच मामींच्या कानाशी ओरडून सांगायचे, सगळ्या आळीला कळेल असं. पुढे लेकीला दिवस गेले आणि ती गप्प गप्प झाली. आईला जे विचारायचं ते बापाच्या तोंडून ओरडून कसं विचारणार? मामीही मग ‘तव्यावर भाकरी हाय’ म्हणून उठून जाऊ लागल्या. मामांच्या जिवाला ते फार लागलं.

पुण्यात मामींना कानाचं नवं मशीन बसवताना त्यांना कळलं की हे मशीन लॅपटॉपचा आवाज थेट कानात घेतं. जुन्या ब्लूटूथवर माइक चालू केला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, नव्यात तसं होत नाही. मात्र लॅपटॉपचं ब्लूटूथ पाच पॉइंट दोन किंवा त्यापुढचं हवं; तेव्हापासून मामा भेटेल त्याला आकडा विचारत सुटले. मामांनी दौंडमधून पाच पॉइंट तीनचा आणला, तर मशीन त्याला जुळेचना. नुसता आकडा वरचा असून भागत नाही, आवाजाची ती नवी सोय लॅपटॉपमध्ये दिलेली असावी लागते, हे मामांना आणि मला तेव्हा समजलं. “नुस्ती पत्रिका जुळून काय हुतंय पाव्हणं,” मामा म्हणाले, “नांदायची तयारी पायजे.” तो परत करून ते मामींनाच घेऊन शिरूरच्या दुकानात जाऊन बसले. तिसऱ्या लॅपटॉपवर मामी एकदम हसल्या. “आलं का ऐकू?” मामा ओरडले. “ओरडू नका,” मामी म्हणाल्या.

त्या रविवारी मी खुटबावलाच होतो. पडद्यावर लेकीचे ओठ हलत होते आणि खोलीत चिडीचूप. सगळा आवाज मामींच्या कानात. मामींनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, “व्हय गं, हुतंय तसं. भिऊ नगंस.” मामा पुढे सरकले.

“काय म्हणली?”

“ते आमचं हाय. तुम्ही तव्यावरची भाकरी बघा.”

मामा उठून चुलीपाशी गेले. मला वाईट वाटलं. म्हटलं, नव्या ब्लूटूथमध्ये एकच आवाज दोघांच्या कानात देता येतो, तुम्हालाही इअरफोन आणू.

“नगं पाव्हणं,” भाकरी उलटत ते म्हणाले. “लय दिस मीच ऐकलं.”

भाकरी करपली होती. ती त्यांनी आपल्या ताटात घेतली.

त्यानंतर मामांनी कुणाला आकडा विचारला नाही. आता खुटबावला गेलो की आधी पाणी मिळतं, आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.